अकरा ठिपक्यांची पायवाट

नकाशेवाल्यांनी चौतीस वर्षं जंगलं काढली, पण जंगलात पाऊल कधी टाकलं नव्हतं. सरकारी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी त्यांचं तिरकं टेबल होतं. फिरतीवरची माणसं मोजमापं आणून द्यायची आणि हे निळ्या शाईनं ओढे, तपकिरीनं डोंगर आणि बारीक ठिपक्यांनी पायवाटा काढायचे. त्यांचं स्वतःचं चालणं म्हणाल तर घरापासून बसथांब्यापर्यंत.

निवृत्त झाल्यावर हाताचं काम सुटलं आणि तोंडाचं सुरू झालं. सलूनमध्ये बसून ते कुठल्या दरीत कसं उतरावं, कुठला ओढा उन्हाळ्यात आटतो, हे अशा थाटात सांगत की गालाला साबण लावलेली गिऱ्हाइकंही मान वळवून ऐकत. त्यांचा शाळेपासूनचा मित्र शिंपी. त्यानं एकदा हे सगळं निमूट ऐकून घेतलं आणि पंधरा दिवसांनी जाड कॅनव्हासच्या दोन पाठपिशव्या शिवून दारात हजर झाला.

"तीन दिवस चालायचं. पूर्वेच्या जंगलातून. तुला तर तोंडपाठच आहे."

नकाशेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गुडघा पुढे करून पाहिला, रक्तदाब पुढे करून पाहिला.

"माझा गुडघा काय नवा आहे?" शिंपी म्हणाला. "सदुसष्ट दोघांनाही लागलंय."

बढाया मारल्या होत्या त्यांनीच. आता पाय दुसऱ्याचे कुठून आणणार? बायकोनं कमरेचा पट्टा पिशवीत कोंबला आणि एवढंच म्हणाली, "भावजींच्या मागे राहा. तुम्ही पुढे होऊ नका."

पहिल्याच चढावर त्यांना कळलं, की कागदावर डोंगर म्हणजे जवळजवळ काढलेल्या सात रेषा; पायांना मात्र त्या एकेक करून चढाव्या लागतात. पिशवीत चार सदरे आणि इस्त्रीची एक जादा पँट होती. जंगलात कोणाला दाखवायला, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. दर शंभर पावलांवर ते थांबत आणि झाड न्याहाळल्याचं सोंग करत. "या झाडात काय आहे?" असं शिंप्यानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ते सोंगही संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खिंडीत पोचले. बाटल्यांत घोटभर पाणी उरलं होतं. नकाशावर ठिपक्यांची वाट इथून थेट ओढ्यावर उतरत होती. प्रत्यक्षातली वाट झुडपांत बारीक होत गेली आणि कड्यापाशी संपली. खाली भिंतीसारखा सरळ खडक, आणि तळाशी चकाकणारा ओढा.

"वाट कुठंय?" शिंप्यानं विचारलं.

नकाशेवाल्यांनी भिंग काढून नकाशावर धरलं. उगाचच. त्यांना सगळं आठवलं होतं. मोजणीचा कागद आला तेव्हा त्याचा कोपरा ओल लागून पुसला गेला होता आणि साहेबांना नकाशा संध्याकाळपर्यंत हवा होता. वर वाट होती, खाली वाट होती. मधे काहीतरी असणारच, म्हणून यांनी दोन्ही टोकं जोडून टाकली. मोजणीवाल्यांवर ढकललं असतं तर विचारायला कोण येणार होतं? शब्द ओठांपर्यंत आलेही. पण शिंप्याशी खोटं बोलणं त्यांना शाळेपासून कधी जमलं नव्हतं.

"वाट नाहीच," ते म्हणाले. "मी काढली. अकरा ठिपके. अंदाजानं."

"आणि गावभर सांगत होतास, ही वाट सोपी."

"कागदावर सोपीच होती रे. वळण तर फार झोकदार दिलं होतं."

शिंपी मटकन खाली बसला. झालं, साठ वर्षांची मैत्री इथेच संपली, असं नकाशेवाल्यांना वाटलं. मग त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा कळलं, की गडी हसतोय. डोळे पुसत तो म्हणाला, "मी एकदा हेडमास्तरांना दोन डाव्या बाह्यांचा कोट दिला होता. म्हटलं, वापरून वापरून बसेल अंगाला."

गुरांच्या शेणाचा माग काढत, मोठा वळसा घालून, बराचसा उतार बसून घसरत ते ओढ्यावर पोचले. पोटभर पाणी प्यायल्यावर लक्षात आलं, की नकाशेवाल्यांची पँट मागून पार फाटली आहे. बदलायची पँट त्यांनी आदल्या रात्री उशाला घेतली होती आणि ती तिथेच राहिली होती. शिंप्यानं सुई काढली, पण दोरा ओवता येईना. नकाशेवाल्यांनी भिंग धरलं, तर त्यात सुईऐवजी शिंप्याचा अंगठाच मोठा दिसे. सातव्या खेपेला एकदाचा ओवला गेला. मग सरकारचा माजी नोकर खडकावर पालथा आणि त्याच्या बुडावर टाके घालणारा शिंपी, हा देखावा बघायला वर एक घार तेवढी होती.

घरी आल्यावर त्यांनी आपली चूक कबूल करणारं पत्र कार्यालयाला धाडलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: सदर नकाशाची तपासणी केली असता कोणतीही चूक आढळून आली नाही.

"म्हणजे तुमचं बरोबर होतं," बायको म्हणाली.

"हो. कडाच चुकलाय."

पण कोणीतरी त्या ठिपक्यांवर भरवसा ठेवून जाईल, हे काही त्यांच्या मनातून जाईना. हिवाळा लागताच दोघं पुन्हा निघाले. खिंडीत, झुडपं सुरू होतात तिथे, त्यांनी दगड रचून वाट अडवली आणि पत्र्याच्या पाटीवर नकाशेवाल्यांनी घोटीव अक्षरांत लिहिलं: पुढे वाट नाही. शिंप्यानं मागे सरून पाटी पाहिली, जराशी तिरकी होती ती सरळ केली, आणि मग दोघं या वेळी न घसरता उतरायचा रस्ता विचारायला गुराखी शोधू लागले.