सणसरच्या चौकातलं पेटंट

चूक माझी होती. हे लिहायला एक ओळ लागली, तोंडानं कबूल करायला आठ महिने लागले.

माझ्या बायकोचे थोरले भाऊ सणसरला राहतात. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. थोडा ऊस आणि रस्त्याकडेला वेल्डिंगचं दुकान, एवढा त्यांचा पसारा. ऊस तुटून गेला की खोडव्यासाठी, म्हणजे त्याच मुळांवरच्या पुढच्या पिकासाठी, बुडखे जमिनीलगत छाटावे लागतात. छाटणीच्या यंत्राचं पातं मातीतल्या दगडावर बसलं की तुटतं. एकदा असाच तुटलेला तुकडा आबांच्या नडगीत घुसला. त्यानंतर तीन हंगाम खपून त्यांनी वेगळं यंत्र बनवलं. दगड लागला की पातं स्प्रिंगवर वर उचललं जायचं, दगड मागं पडला की आपोआप खाली यायचं. स्प्रिंगची सगळी करामत पत्र्याच्या झाकणाखाली होती आणि ते झाकण आबा कुणापुढं उघडत नसत.

थायलंडची काही मंडळी आपल्याकडची ऊसशेती बघायला आली होती. त्यांच्यातल्या एका अवजार कारखानदारानं आबांचं यंत्र चालताना पाहिलं. झाकण त्यालाही उघडून दाखवलं नाही. दुभाष्यामार्फत तो म्हणाला की त्याच्या देशात या यंत्राचं पेटंट आबांच्या नावानं झालं, तर तो तिथं ते बनवेल, प्रत्येक यंत्रावर आबांचं नाव घालून. पेटंट नसेल तर त्याला रस नाही, कारण मग कुणीही नक्कल करणार. आबा त्या दिवशी जेवताना दोनदा म्हणाले, “नाव घालणार म्हंत्यात.”

कागदपत्रं अर्थातच माझ्याकडं आली. मी बारामतीत एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरी करतो. त्या घरात सगळे हातानं काम करणारे. मी त्यांच्या दृष्टीनं फॉर्म भरणारा जावई. पहिल्यांदाच त्या घराला माझ्या कामाची गरज पडली होती आणि ते माझ्या डोक्यात गेलं. हे आता कळतं.

परदेशात नोंदणी करणं म्हणजे काय असतं, ते केल्याशिवाय कळत नाही. पुण्यातल्या वकीलबाईंनी सांगितलं की आधी आपल्या देशात अर्ज, मग त्याच्या आधारावर वर्षाच्या आत तिकडं. तिकडचा अर्ज त्यांच्या भाषेत, तिकडच्या प्रतिनिधीमार्फत. त्या प्रतिनिधीला नेमायचं मुखत्यारपत्र नोटरीसमोर. आबांचं नाव आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं, बँकेत तिसरं. तिन्ही माणसं एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र. कोर्टाबाहेरच्या नोटरींनी कागद उलटा-सुलटा करून विचारलं, “थायलंडला जमीन घेतली का काय पाव्हण्यांनी?” आबा म्हणाले, “न्हाय साहेब, हितलीच भिजवायला पानी पुरंना.” कुरिअरवाल्यानं बँकॉकच्या पत्त्याजवळची खूण विचारली. मुखत्यारपत्र एकदा परत आलं, शिक्का सहीवर बसला म्हणून. दुसऱ्यांदा परत आलं, शिक्का सहीपासून लांब बसला म्हणून. मी वैतागून वकीलबाईंना विचारलं, नेमका कुठं मारायचा शिक्का? त्या शांतपणे म्हणाल्या, “शेजारी.”

पण हे सगळं नंतरचं. माझ्या हातून जे व्हायचं ते फार आधी, पहिल्याच आठवड्यात होऊन गेलं होतं.

आबांनी मापं घेऊन काढलेली यंत्राची चित्रं मी पुण्यात वकीलबाईंकडं देऊन आलो. निघताना त्या म्हणाल्या, “आपल्याकडचा अर्ज दाखल झाला की मी क्रमांक कळवीन. तोवर हे कुणालाही दाखवू नका. एकदा लोकांनी पाहिलं की ते नवं राहत नाही.” मी व्यवस्थित ऐकलं, मान हलवली. माझ्या मनानं त्याचा अर्थ असा लावला की दुसऱ्या कारागिराला, व्यापाऱ्याला दाखवू नका. आपल्या माणसांत आनंद करायला कोण अडवतंय?

आमच्याकडं पोरगं पोलीसभरतीत निघालं तरी फ्लेक्स लागतो, सोसायटीचा संचालक झाला तरी लागतो, वाढदिवसाचा तर लागतोच. आबांचं यंत्र परदेशी निघालं आणि चौकात फ्लेक्स नाही, हे मला बरं वाटेना. बारामतीत फ्लेक्सवाल्याकडं गेलो. वर आबांचा हात जोडलेला फोटो, खाली ‘यंत्र थायलंडला नोंदणीसाठी रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, त्याखाली शुभेच्छुकांची रांग. रांगेत पहिला फोटो माझा.

फ्लेक्सवाला म्हणाला, “सर, उजव्या बाजूला जागा मोकळी राहतीय. ट्रॅक्टर टाकू का एखादा?”

मी म्हणालो, थांबा. आणि मोबाईलवरून त्याला यंत्राचं चित्र पाठवलं. झाकण काढलेलं, आतली स्प्रिंग दाखवणारं, वकीलबाईंना दिलं होतं तेच. त्यानं हौसेनं स्प्रिंग लाल केली, बाण काढला आणि लिहिलं, ‘दगड लागताच पाते आपोआप उचलले जाते’.

फ्लेक्स पंधरा दिवस सणसरच्या चौकात होता. आबांनी पाहिला तेव्हा लाजून म्हणाले, “दाजी, हेची काय गरज हुती? आन् आतलं कशाला दावलं?”

“आबा, आता ते आपलंच आहे,” मी म्हणालो.

अर्जाचा क्रमांक त्यानंतर तीन आठवड्यांनी आला. वकीलबाईंना मी फ्लेक्सचं काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं तर त्यांच्यावर विचारायची वेळच यायला नको होती.

दोन वर्षं गेली. मग थायलंडच्या कचेरीचं पत्र आलं. वकीलबाईंनी भाषांतर पाठवलं, ते माझ्याकडंच, कारण पत्ता माझा होता. अर्जाच्या तारखेआधीच यंत्राची रचना जाहीर झालेली आहे, सबब नोंदणी देता येत नाही. पुरावा म्हणून एक फोटो जोडलेला. गावाच्या नावानं कुणीतरी इंटरनेटवर पान चालवतो, त्यावर तारखेसकट टाकलेला. त्यात आबांचे जोडलेले हात होते, माझा हसरा चेहरा होता आणि लाल स्प्रिंग होती.

वकीलबाईंचा फोन आला. “हा फलक कुणी लावला?”

“मी.”

“मी सांगितलं होतं ना तुम्हाला?”

“होय.”

त्यांनी फोटोवरची तारीख वाचून दाखवली. मग म्हणाल्या, “आता काही करता येणार नाही. त्यांना तुम्ही सांगणार की मी सांगू?”

मी सांगतो म्हणालो. आणि सणसरला जाऊन जे सांगितलं ते असं: परदेशी कारभार आहे आबा, नाकारलं, नीट कारणसुद्धा देत नाहीत. कारखानदारानं पुढं फोन घेतला नाही. त्यावरही मी चिडून बोललो. त्या कचेरीला, प्रतिनिधीला, शिक्क्यांना मी घरभर शिव्या घालत फिरायचो. बायको म्हणायची, “तुमालाच लई लागलंय.” तिला काय सांगणार होतो?

आबा मात्र चिडले नाहीत. ते म्हणाले, “माजं चित्रच चुकलं आसंल. मापं नीट न्हवती.”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. चहा पिऊन परत आलो.

परवा पणदऱ्याला एका लग्नाला गेलो होतो. तिथं आबांचा चुलतभाऊ म्हणाला, “आबानं ते यंत्र खोललंय. स्प्रिंगच काढून टाकली म्हनं. म्हंतोय, त्या लोकास्नी पटली न्हाय म्हंजी खोट आसंल कायतरी.”

जेवणाची पंगत सोडून मी सरळ सणसरला गेलो. दुकानात आबा खाली बसले होते. यंत्र उघडं पडलं होतं, पातं दांडीला कायमचं वेल्ड करायची तयारी चालली होती. म्हणजे पुन्हा तेच, दगड लागला की तुटणारं.

“ते जोडू नका,” मी म्हणालो. “स्प्रिंगमध्ये काही खोट नाही. चित्रातही नव्हती.”

“मग नाकारलं का?”

मी सगळं सांगितलं. वकीलबाई काय म्हणाल्या होत्या, फ्लेक्सवरची मोकळी जागा, पत्राला जोडलेला फोटो. आबा हातातली वेल्डिंगची काडी तशीच धरून ऐकत होते.

“पत्र कवा आलं?”

“आठ महिने झाले.”

“आठ म्हैनं.” त्यांनी काडी खाली ठेवली. “म्या किती येळा मापं काढली, ठावं हाय का तुमाला? रोज वाटायचं, आपल्याला कळत न्हाय त्यातलं कायबी.”

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. “आबा, फ्लेक्स माझ्या हौसेपायी लागला. मला माझा फोटो पाहिजे होता. तुमचं नाव त्या यंत्रावर लागलं नाही, ते माझ्यामुळं. पण त्याहून वाईट मी नंतर केलं. तुमच्या हाताला खोट आहे असं तुम्हाला आठ महिने वाटू दिलं, आणि मला खरं माहीत होतं. मला माफ करा.”