आईच्या उशाशी दार

दाराबाहेर कोण आलंय ते दाखवणारा आणि बोट टेकवलं की दार उघडणारा टचस्क्रीन आईच्या उशाशी होता. अंथरुणाला खिळलेल्या आईकडे दार उघडायचं तेवढंच काम उरलं होतं. तो बंद पडला तेव्हा कंपनीवाल्यांनी ‘नवा घ्या’ म्हणून हात झटकले.

विचुंब्याहून आलेल्या मेकॅनिकने मात्र तासभर श्वास रोखून केसासारख्या तारा जोडल्या. स्क्रीन उजळला, पण त्याने स्वतः हात लावला नाही.

“सोल्डरिंगनं घट्टे पडलेत. माझं बोट याला कळत नाय. आजी, तुमीच लावा.”

त्याने बाहेर जाऊन बेल वाजवली. आईने बोट टेकवलं, दार उघडलं. इतका वेळ घरातच असलेल्या त्या माणसाला ती थाटात म्हणाली, “या, आत या. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.”