दुसरं पान

मास्तरांना आयुष्यात एकाच गोष्टीची मनापासून चीड होती, ती म्हणजे वाकडी शिलाई. गिऱ्हाइकाने कापड आखूड आणलं तर ते निभावून न्यायचे, बाईमाणसाने दहादा गळा बदलायला लावला तरी हूं की चूं करायचे नाहीत. पण शिवण केसभर तिरकी गेली की मास्तर ती अख्खी उसवायचे. जिथे चुकलं तिथेच सुधारून पुढे जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पहिल्या टाक्यापासून दोरा काढायचा, कापडावरची भोकं नखाने घासून बुजवायची आणि श्रीगणेशा पुन्हा. हाताखालचे कारागीर कपाळाला हात लावायचे. पण मास्तरांनी शिवलेला कोट बाप वापरायचा, मग मुलगा वापरायचा, त्यामुळे बोलणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद व्हायची.

मास्तरीणबाई दुकानातच काज-बटणं करायच्या. लग्न झाल्यापासून दोघं एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसत आलेली. दुकानासमोर, रस्त्यापलीकडे वरच्या मजल्यावर एक खिडकी होती आणि त्या खिडकीतून दुपारचा पियानो ऐकू यायचा. कोण वाजवतं हे दोघांनीही कधी पाहिलं नाही. पियानो सुरू झाला की मास्तरीणबाईंची सुई हवेतच थांबायची. मास्तर चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "अगं राणीसरकार, बटणं आपोआप लागत नसतात." त्या हसायच्या आणि सुई पुन्हा चालू व्हायची. पुढे ते बिऱ्हाड कुठेतरी निघून गेलं. पियानो बंद पडल्याचं मास्तरांच्या लक्षातही आलं नाही. मास्तरीणबाईंनी मात्र त्या दिवशी खिडकीकडे बघत बघत एका शर्टाची सगळी बटणं उलट्या बाजूला लावली होती.

लोक तयार कपडे घ्यायला लागले, मास्तरांचे डोळे सुईच्या नाकाशी भांडायला लागले आणि दुकान बंद झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मास्तरीणबाईंचा डावा कान गेला. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऐकण्याची नसच वाळत चालली आहे, उजव्या कानाचंही तेच होणार. मशीन लावा, बोलणं कळेल. किती दिवस, ते मात्र विचारू नका.

परत येताना दोघं बसथांब्यावर उभी होती. मास्तरीणबाई म्हणाल्या, "बोलण्याचं एवढं काही नाही हो. तुमचं तर मला ओठांवरूनच कळेल. इतकी वर्षं तेच तेच तर बोलताय. पण तो समोरचा पियानो... एकदा नीट बसून ऐकायला हवा होता. सुई खाली ठेवून."

राणीसरकार म्हणून आपण किती वेळा टोमणा मारला, ते मास्तरांना आठवलं.

त्याच आठवड्यात वाचनालयाच्या फळ्यावर त्यांनी कागद पाहिला. मोठ्या माणसांसाठी पियानोचा वर्ग, अगदी पहिल्यापासून. मास्तर थेट आत गेले आणि नाव घालून आले. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "मी तुला एक गाणं वाजवून दाखवणार आहे."

"अख्खं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकही टाका न चुकता."

"मग जरा लवकर शिका हं," त्या म्हणाल्या आणि उजव्या कानामागचे केस सारखे केले.

वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरायचा. शिकवणाऱ्या बाई वयाने मास्तरांच्या मुलीसारख्या, पण मास्तर त्यांना बाईच म्हणायचे आणि त्या त्यांना मास्तर. कोण कुणाला शिकवतंय, हे बाहेरच्याला कळू नये अशी ही गंमत होती. वर्गात एक दातांचे डॉक्टर होते. दुसऱ्याच्या तोंडात बिनधास्त हात घालणारा हा माणूस पियानोच्या पट्टीवर बोट ठेवताना घामाघूम व्हायचा. आणि रुग्णवाहिका चालवणारी एक बाई होती. ती कुठलंही गाणं, अंगाईसुद्धा, सायरन लावल्यासारखी पळवायची.

सगळ्यांच्या हातात एकच पुस्तक, मोठ्यांसाठीचं पहिलं. सूर टपोरे छापलेले, प्रत्येकावर बोटाचा आकडा. अंगठा एक, करंगळी पाच. मास्तरांचं मधलं बोट अंगुस्तानाची टोपी घालून घालून ताठ झालेलं, ते तीन नंबरच्या सुरावर सुई ढकलल्यासारखं आदळायचं. पायांची तर वेगळीच तऱ्हा. खाली पेडल दिसलं की त्यांचा पाय शिलाई मशीनवर असल्यासारखा हलायला लागायचा आणि सगळे सूर एकमेकांत कालवले जायचे. बाई ओरडायच्या, "मास्तर, पाय!" मास्तर पाय उचलून खुर्चीखाली लपवायचे. बाकीचे खो-खो हसायचे, पण त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. सगळे एकाच होडीतले.

मास्तरांनी पुस्तकाच्या शेवटाकडचं एक दोन पानांचं गाणं हेरून ठेवलं होतं. बाईंनी ते एकदा वाजवून दाखवलं तेव्हा मास्तरांना थेट ती समोरची खिडकी आठवली होती. आधीचे धडे करून करून, डॉक्टरसाहेबांच्या आधी, ते त्या गाण्यापर्यंत पोचले. आणि तिथे घोडं अडलं.

घोडं अडलं ते दुसऱ्या पानावर. तिथे पहिल्याच ओळीत डावा हात उचलून लांब खालच्या सुरावर न्यायचा होता. तो दर वेळी शेजारच्या पट्टीवर पडायचा. आणि एक सूर चुकला की मास्तर थांबायचे, हात मांडीवर ठेवायचे, आणि गाणं पहिल्या पानावरच्या पहिल्या सुरापासून सुरू करायचे.

"मागे जाऊ नका हो," बाई काकुळतीला येऊन सांगायच्या. "चुकलेला सूर गेला, संपला. तुम्ही पुढे चला."

"चूक तशीच ठेवून पुढे कसं जायचं, बाई?"

"हे कापड नाहीये, मास्तर. इथे उसवता येत नाही."

एकदा तर बाईंनी पहिल्या पानावर पुठ्ठाच टाचून टाकला आणि म्हणाल्या, आता परत जायला वाटच नाही, आता दुसऱ्या पानापासून सुरू करा. मास्तरांनी घरी येऊन पुठ्ठा काढला आणि नीट घडी करून कपाटात ठेवला. मधूनच सुरू करायचं म्हणजे बाहीपासून कोट शिवायला घेण्यासारखं, असं त्यांचं मत. या माणसाच्या हट्टापुढे बाईंनी हात टेकले.

घरी त्यांनी विजेवर चालणारा एक जुना पियानो आणला होता. तो मागच्या खोलीत, आणि खोलीचं दार बंद. मास्तरीणबाईंना आत यायला सक्त मनाई. "पूर्ण झालं की बोलावतो," असं सांगून ठेवलेलं. मग दारामागे पहिलं पान, पहिलं पान, पुन्हा पहिलं पान. ते पान इस्त्रीच्या घडीसारखं साफ झालं होतं.

एके दिवशी पाणी प्यायला म्हणून मास्तरांनी मध्येच दार उघडलं. बाहेर स्टुलावर मास्तरीणबाई बसलेल्या. मांडीवर बटाट्यांचं ताट, आणि मशीन लावलेला उजवा कान दाराच्या दिशेने पुढे केलेला. चोरी पकडली गेल्यावर त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

"तुमचं गाणं मला पाठ झालंय," त्या म्हणाल्या. "आत कधी बोलावणार?"

मास्तरांना खरं तर तिथेच त्यांचा हात धरून आत न्यायला हवं होतं. पण ते चिडले. "सांगितलं होतं ना, पूर्ण झाल्याशिवाय ऐकायचं नाही म्हणून? कच्चं काम मी कुणाला दाखवलंय कधी?"

"वा!" मास्तरीणबाईंनी सुरी ताटात ठेवली. "आणि कोटाची ट्रायल कशावर घेत होतात? कच्च्या टाक्यांवरच ना? एक बाही टाचलेली, एक नाहीच, कॉलरचा पत्ता नाही, आणि माणूस आरशासमोर उभा. चांगले चांगले साहेब लोक उभे राहिलेत तसे. मग माझीच ट्रायल का घेत नाही?"

हरायची वेळ आली की मास्तरांचा आवाज चढायचा. "कोट वेगळा, हे वेगळं!" म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले आणि हेडफोन घेऊन आले. त्याची वायर पियानोत खुपसली की आवाज फक्त वाजवणाऱ्याच्या कानात. बाहेर चिटपाखरालाही पत्ता लागू नये.

मास्तर खूश होते, हे सांगायलाच हवं. चुका ऐकायला कुणी नाही म्हटल्यावर त्यांचा डावा हात मोकळा झाला. त्या लांबच्या सुरावर आधी दहातून एकदा पडायचा, मग चारदा, मग बहुतेक वेळा. मास्तरीणबाई अधूनमधून म्हणायच्या, "अहो, आता नुसती पट्ट्यांची खटखट ऐकू येते. तुमच्या जुन्या मशीनसारखी. दार तरी उघडं ठेवा, निदान खटखट तरी ऐकते." मास्तर हाताने थांब थांब अशी खूण करायचे आणि हेडफोन चढवायचे. थोडंच राहिलंय, असं त्यांना रोज वाटायचं.

एका सकाळी मास्तर अंघोळ करून बाहेर आले तर किटली शिट्टी घालून घालून अर्धी झाली होती. मास्तरीणबाई तिच्याकडे पाठ करून ओट्यापाशीच उभ्या होत्या, कप पुसत. मास्तर ओरडले, "अगं, किटली!" मास्तरीणबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. मास्तरांनी गॅस बंद केला आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. त्या दचकल्या. त्यांनी कानातलं मशीन काढलं, हलवलं, सेल बदलला, पुन्हा घातलं. मग मास्तरांच्या तोंडाकडे बघत खूप मोठ्याने म्हणाल्या, "बोला ना काहीतरी."

कानाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सुया टोचल्या. नस एकदा गेली ती गेली.

मास्तर वर्गाला जायचे बंद झाले. बाई एकदा घरी येऊन गेल्या, मास्तरांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि पुस्तक परत द्यायला काढलं. बाईंनी ते घेतलं नाही. त्या गेल्यावर मास्तर मागच्या खोलीत जाऊन बसले. त्यांना ट्रायलची गोष्ट आठवत होती. आयुष्यभर त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, कोट अंगावर चढवून बघितल्याशिवाय कळत नाही, अर्धवट असला तरी चढवा. परक्या माणसांना सांगितलं, आणि घरातल्या माणसाला दाराबाहेर बसवलं. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

शेवटी एका दुपारी त्यांनी वायर उपटून काढली. आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. दार सताड उघडलं, मास्तरीणबाईंना हाताला धरून आणलं आणि शेजारी खुर्चीवर बसवलं.

"अहो, मला काय ऐकू येणार?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खोलीत मावत नसे.

"बघ," मास्तर ओठ नीट हलवत म्हणाले.

त्यांनी सुरुवात केली. मास्तरीणबाई त्यांच्या बोटांकडे बघत होत्या. पहिल्या ओळीच्या मध्यावरच त्यांची मान हलायला लागली, अगदी बरोबर, तालात. दाराबाहेर बसून पाठ केलेलं त्यांच्या डोक्यात जसंच्या तसं होतं. तिसऱ्या ओळीत मास्तरांचं ताठ बोट घसरलं, एक सूर साफ चुकला. हात सवयीने थांबायला बघत होता. मास्तरांनी तो थांबू दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते वाकडी शिलाई तशीच ठेवून पुढे गेले, आणि शेजारची मान न अडखळता हलतच राहिली.

पहिलं पान संपलं. मास्तरांनी पान उलटायला हात उचलला तोच टाळ्या ऐकू आल्या.

"झालं!" मास्तरीणबाईंचे डोळे भरून आले होते. "केलंत हो तुम्ही! अख्खं गाणं!"

मास्तरांनी नाही अशी मान हलवली आणि पान उलटलं. उलटलेल्या पानावर बोट ठेवून ते ओठांनी म्हणाले, "अजून आहे."

त्या पानाकडे मास्तरीणबाईंनी वाकून पाहिलं. काळे टपोरे सूर, त्यांवर बोटांचे आकडे. मग मास्तरांकडे पाहिलं.

"अजून आहे?" त्या म्हणाल्या. "मला एवढंच येतं."

मास्तरांनी दुसरं पान वाजवलं. डावा हात उचलला, लांब खाली गेला आणि बरोबर पडला. शेवटच्या सुरापर्यंत एकही टाका चुकला नाही. मास्तरीणबाई कौतुकाने त्यांच्या बोटांकडे बघत होत्या. मान मात्र हलत नव्हती.