पेटीतली शर्मिला

माझ्या वहिनीला घरातले लोक हट्टी म्हणतात. म्हणू द्या! मी तिची नणंद, हर्षा; या घरची लेक, लग्न होऊन याच शहरातल्या सराफा मोहल्ल्यात गेलेली. मी म्हणते, बाई ताठ आहे आणि तिने ताठच राहावं. नाव अंजनी नरहर धोटे. नवरा, म्हणजे माझा मोठा भाऊ, फॅक्टरीतून रिटायर झाला आणि काही वर्षांनी गेला. तिने मदन महाल मोहल्ल्यातल्या घरात मशीनवर बसून उभा जन्म शाळेचे युनिफॉर्म शिवले, पोराला शिकवलं, आणि कोणाचं उणं बोलणं ऐकून घेतलं नाही.

आणि तिने पेटी सांभाळली. धोट्यांच्या घरचे सगळे कागद त्या लोखंडी पेटीत असतात. माझ्या वडिलांच्या नोकरीचे, घराच्या रजिस्ट्रीचे, कोणाकोणाच्या पत्रिका. पाऊस सरला की वहिनी ते व्हरांड्यात सावलीत पसरते, मधे कडुनिंबाचा पाला घालते आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवते. रबर बँड दिसला की तिचं डोकं फिरतं. "चिकटतो मेला, कागदाचं कातडं काढतो!" एकदा तिच्या मुलाने, अजिंक्यने, रजिस्ट्री लॅमिनेशनला नेतो म्हटलं, तर कितीतरी दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही.

यंदा भिंतीला ओल आली आणि वाळवी पेटीच्या बुडापर्यंत पोचली. अजिंक्य बँकेत आहे. पोरगा चांगला, पण त्याला सगळं फटाफट लागतं. रविवारी तो प्लास्टिकच्या फायली घेऊन आला. जवळच्या पाटणहून माझा धाकटा भाऊ चिंतामणी आला. "बापजाद्यांचे कागद आहेत, मी तर पाहिजेच," म्हणे. मलाही बोलावणं होतं.

चटईवर ढीग पडत गेले. एक वडिलांचा, एक नरहरदादाचा, एक घराचा. चौथा कोपऱ्यात होता, ज्यांचा पत्ता कोणालाच लागत नव्हता त्या कागदांचा. वर 'श्री' लिहिलेला कागद आमच्याकडे रद्दीत देत नाहीत. तो ढीग ग्वारीघाटावर नेऊन नर्मदाजीत सोडायचा ठरला होता.

वहिनी चहा घेऊन आली तेव्हा अजिंक्यच्या हातात एक पिवळा पडलेला कागद होता.

"काका, ये शर्मिला कौन है? मॅट्रिकचं सर्टिफिकेट दिसून राहिलं. किरायेदार असेल कोणी." आणि टाकला की त्याने तो चौथ्या ढिगात!

वहिनीने ट्रे खाली ठेवला. "काहून टाकला रे?"

"कोणाचं आहे माहीत नाही न, आई."

"तुझ्या आईचं आहे."

पोराचं तोंड एवढंसं झालं. एवढा घोडा झाला आणि आईचं नाव त्याला ठाऊक नाही! पण त्याला तरी काय बोलणार? सांगितलं कोणी होतं? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'अंजनी' लिहिलं, पेढे वाटले, झालं. त्या दिवसापासून शर्मिला म्हणून तिला या घरात कोणी हाक मारली नाही. आमच्याकडची पद्धतच तशी, आणि त्या पद्धतीचा मला आजही संताप येतो.

चिंतामणी मात्र हसला. "बरोबर ठेवलं अजिंक्यने. वहिनी, राग नका मानू, पण आधारवर अंजनी, बँकेत अंजनी. उद्या दोन नावं निघाली तर घोळ होते. आणि ते तुमच्या माहेरचं. धोट्यांच्या पेटीत त्याचं काय काम?"

"माहेरी ठेवलं असतं तर ते म्हणाले असते, पोरगी परक्याची झाली, कागद इथे काहून? तुम्ही म्हणता माहेरचं. मग मी ठेवू कुठे, भाऊजी? डोक्यावर?"

"मी आपलं नीट सांगून राहिलो..."

वहिनी वाकली. तिने माझ्या वडिलांचा अख्खा ढीग उचलला आणि चौथ्या ढिगावर ठेवला. मग नवऱ्याचाही ठेवला.

"चला, ऑटो बोलवा. मीही येते घाटावर. सगळंच सोडू."

चिंतामणी ओरडलाच. "वहिनी! अहो, बापजाद्यांचे कागद आहेत ते!"

"आणि हा?" तिने सर्टिफिकेट त्याच्या नाकासमोर धरलं. "शर्मिला गणपत देवतळे. वाचा. मधलं नाव कोणाचं आहे? हा पण बापाचाच कागद आहे, भाऊजी. माझ्या बापाचा. तुमचा बाप पेटीत आणि माझा बाप पाण्यात, हे मी जिवंत असेपर्यंत होणार नाही."

मायबाई! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. चिंतामणीने चहाचा कप उचलला.

अजिंक्यने ढीग पुन्हा वेगळे केले. मग एक कोरी फाईल घेऊन तिच्यावर स्केचपेनने लिहिलं, 'शर्मिला गणपत देवतले'. हिंदी शाळेत शिकलेला पोरगा तो.

"ळ लिही," वहिनी म्हणाली.

"आई, हिंदीत तर असंच..."

"माझा बाप हिंदीत नव्हता. ळ लिही. आणि तोंडाने म्हण."

"देवतड़े."

"परत."

बरोबर येईपर्यंत तिने त्याला सोडलं नाही. मग आपल्या हाताने ती फाईल तिने माझ्या वडिलांच्या आणि नवऱ्याच्या फायलींच्या मधे बसवली.

मी म्हटलं, "अजिंक्य, एक फाईल मलाही दे." तिच्यावर मी मोठ्या अक्षरात 'हर्षा धोटे' लिहिलं आणि ती पेटीत ठेवली.

चिंतामणीने उघडून पाहिली. "ताई, ही तर रिकामी आहे."

"हो. माझे शाळेचे कागद याच पेटीत होते. माझं लग्न झालं आणि जागा अडते म्हणून तूच घाटावर नेऊन सोडलेस. फाईल इथेच राहील, चिंतू. रिकामी काहून ठेवली असं कोणी विचारलं, तर तू सांगायचं."