तिच्या पत्त्यावर

बायको गेल्यावर तिची एकच गोष्ट मी चालू ठेवली, ती म्हणजे तिची वेबसाइट. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं त्या वर्षांत तिनं अकोल्यात आमच्या गच्चीवर फुलझाडांची रोपं करून विकायला घेतली होती. तेल्हाऱ्याहून लोक मेलवर विचारायचे, कपाशीच्या रानात शेवंती होईल का? ती दुपारभर उत्तरं लिहीत बसायची आणि भिजवलेल्या कुंड्यांचा वास खोलीत रेंगाळायचा.

साइटच्या नावानंच तिचा मेलचा पत्ता होता. दर रविवारी सकाळी मी त्यावर दोन ओळी लिहायचो. आज मोगरा फुलला. काल पाणी घालायचं विसरलो, रागावू नकोस. तिची मेलची पेटी मी कधी उघडली नाही. पत्र गेलं की चहा गोड लागायचा. हे वेड मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

साइट जुनाट झाली, म्हणून अमरावतीच्या एका मुलीला नवी करायला सांगितली. ती असलीच कामं करायची. म्हणाली, "काका, डोमेनच्या, म्हंजे साइटच्या नावाच्या, सेटिंगची परवानगी लागते. पण तुमचा पासवर्ड नोका सांगू. माह्या मेलवर, माह्यापुरती परवानगी पाठवा."

मला ते लागलंच. अकोल्याच्या आमच्या जुन्या शहर भागात परगावी जाताना शेजारच्या भाभीकडे किल्ल्यांचा अख्खा जुडगा द्यायची रीत. त्यातली एकच काढून दिली, तर भाभी वर्षभर बोलायची नाही. "मले काय तुयावर भरोसा नाई?" म्हणत मी पासवर्ड सांगून टाकला.

पुढच्या रविवारी लिहिलं, गुलाबाला कळ्या धरल्या. मिनिटभरात पत्र परत आलं. असा पत्ताच नाही, म्हणे. ती दुसऱ्यांदा गेली असं वाटलं मला. रडलो.

मग फोनवर त्या पोरीवर बरसलो. "काय करून राहिली तू?"

ती गडबडली. "काका, नवी साइट जोडताना, मेल कुठं पोचवायची ते सांगणाऱ्या सेटिंगमधल्या जुन्या ओळी काढल्या मी. मले वाटलं, त्या पत्त्यावर आता कोनीच नाई. तुमी काहून नाई सांगितलं?"

काय सांगणार होतो? मग रविवारची सगळी गोष्ट सांगितली.

"पेटी शाबूत हाय, काका," ती हळूच म्हणाली. "तिथवरचा रस्ता तेवढा पुसला माह्या हातानं."

संध्याकाळपर्यंत तिनं त्या ओळी परत टाकल्या. माझ्याकडून नवा पासवर्ड करवून घेतला, तो विचारला नाही, आणि साइटपुरती परवानगी मागून घेतली. या वेळी मला राग आला नाही.

नंतरच्या रविवारी लिहिलं, जास्वंद उमलली. आणि पडद्यासमोर बसून राहिलो. चहा निवला. गच्चीवरचं ऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत उतरलं.

पत्र परत आलं नाही.