मास्तरांची कंबर आणि दाजींची लाथ

कंधारचे एक मास्तर टेबलावर पालथे पडले होते. त्यांच्या बहिणीचा नवरा चप्पल काढून त्यांच्या कमरेत लाथ घालायला उभा होता. जागा कोणती, तर फिजिओथेरपीची खोली. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम राउंडला गेलेल्या. मी ट्रॅक्शनची वजनं पुसत होतो.

नांदेडच्या त्या दवाखान्यात मी अटेंडंट होतो. ट्रॅक्शन म्हणजे कमरेला पट्टा बांधून, दोरीला वजन लावून मणके ताणायचे. तीस वर्षं मी ती वजनं लावली. माझं शिक्षण चौथी. मास्तर विज्ञान शिकवायचे. शाळेचं लोखंडी कपाट एकट्यानं सरकवायला गेले, तर कपाट जाग्यावर राहिलं आणि मणक्यातली गादी सरकली. उजव्या पायाचा अंगठा वर उचलेना. सर्जन म्हणाले, "महिनाभर व्यायाम करून बघू. अंगठा आणखी ढिला पडला तर ऑपरेशन."

व्यायाम म्हणजे काय, तर पालथं पडून छाती उचला, उताणं होऊन कंबर उचला, रोज चाला. मास्तरांना ते पटेना. दवाखान्यात मला सगळे मामाच म्हणायचे, तेही म्हणाले,

"मामा, ह्याला काय ट्रीटमेंट म्हणायची? मशीन न्हाई, सुई न्हाई."

म्हणून देगलूरहून दाजी बोलावले. बँकेत ऑफिसर, आणि पायाळू. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याची लाथ बसली की कमरेत भरलेली उसण निघते, असं आपल्याकडं मानतात.

"साहेब, पाय खाली घ्या," मी म्हणालो.

"तुम्हाला काय कळतंय? माझ्या लाथेला उदगीरहून लोक येतात."

"माझी बायको बी पायाळू होती. आख्ख्या गल्लीला लाथा घातल्या तिनं. पण आधी विचारायची, पायाला मुंग्या येतात का? हाव म्हणलं की दवाखान्यात धाडायची. मला म्हणायची, उसण तीन दिवसांत आपसूक जाती, नाव माझ्या पायाचं होतं."

"बोलवा मग त्यांना. त्या सांगतील ते ऐकतो."

"वारली. दोन वर्षं झाली."

तरी दाजींचा पाय काही खाली येईना. मास्तर खालून म्हणाले, "दाजी, उरका. मॅडम येतील."

मी रजिस्टर आणून पुढं धरलं. "मारा साहेब. फक्त इथं लिहा, लाथ मी मारली, पाय लुळा पडला तर जबाबदार मी. खाली सही आणि हुद्दा."

दाजींनी चष्मा लावला. कोरं पान दोनदा वाचलं. मग चप्पल घातली. "आज माझाच गुडघा दुखून राहिलाय," म्हणाले.

दुसरा इलाज उरला नाही, म्हणून मास्तर व्यायामाला लागले. मॅडम शिकवायच्या, मी मोजायचो, मास्तर मला शिव्या द्यायचे. तिसऱ्या आठवड्यात अंगठा हलला. मास्तर त्याच्याकडं बघतच राहिले. ऑपरेशन टळलं.

आता मी रिटायर आहे. माझीबी कंबर धरते. बायको होती तोवर तेल चोळायची. आपल्या पाठीला आपला हात पुरत नाही. म्हणून मीबी तेच व्यायाम करतो, मोजायला कुणी नसतं.

मास्तर उभं राहून तास घेतात. कंधारात सांगतात, दाजींनी पाय नुसता उगारला, तेवढ्यानंच फरक पडला. देगलूरला गर्दी वाढली म्हणे.

व्यायाम ज्याचा त्यालाच करावा लागतो. त्यात पाया पडायला कुणी सापडत नाही, म्हणून तो लोकांना इलाज वाटत नाही.