झिजलेलं बटण

सकाळच्या तिरप्या उन्हात आज माझा कीबोर्ड नीट दिसला. अक्षरं सगळी शाबूत; झिजून गुळगुळीत झालंय ते फक्त खोडायचं बटण. एवढी वर्षं सॉफ्टवेअर लिहिल्याची ही खूण!

शेजारच्या टेबलावरची सायली म्हणाली, "मॅडम, नवा मागवू? आणि विभागप्रमुख झालात, आता कोड कशाला लिहिता? आम्ही लिहितो, तुम्ही फक्त मंजूर करा."

फक्त मंजूर करणाऱ्यांची बटणं झिजत नाहीत. मोठ्या खुर्चीतल्या माणसाच्या चुका दाखवायला कुणी धजत नाही, मग त्यालाही वाटू लागतं, आपलं चुकतच नाही. मला नाही तसं व्हायचं.

"नवा नको," मी म्हटलं. "हा मी लिहिलेला कोड. तपास, आणि भीड ठेवू नकोस."

तिनं तिसऱ्याच ओळीवर बोट ठेवलं. मी ताठ मानेनं ते गुळगुळीत बटण दाबलं.